विटेच्या रंगाच्या गाद्या

१९ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

चारी बाजूंना दोन-दोन बोटं समास सोडून सुरुवात करते आहे, म्हणजे निदान पहिल्या पानाच्या रचनेबद्दल तरी तुला काही म्हणता येऊ नये. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस, आणि तुझ्या त्या "हं"वर भाष्य लिहायचं तर माझी निवृत्ती होईपर्यंत पुरेल. शिवाय मला जे सांगायचं आहे त्यात तू मध्येच फोन ठेवून देशील अशी दोन-तीन ठिकाणं आहेत. पत्र रागाने बाजूला टाकलं तरी ते टेबलावर पडून राहतं आणि माणूस चहा पिताना ते पुन्हा उचलतो.

आधी माझी खबर. संस्कृतच्या वर्गात या वेळी तीन विद्यार्थी आहेत. त्यातला एक योगासनांचा वर्ग समजून आला होता. पहिल्या तासाला चटई घेऊन आला, दुसऱ्या तासाला चटई न आणता आला, आणि आता विभक्ती त्याच्याइतक्या चोख कुणालाच येत नाहीत. आमचा विभाग धर्मशास्त्राच्या विभागात विलीन करायचं चाललं आहे. मी बैठकीत फार बोलले नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच मेली असं ज्या भाषेबद्दल सगळे सांगतात ती शिकवणाऱ्या बाईला एवढ्या तेवढ्याने धक्का बसत नाही. गुडघा बरा आहे. सफरचंदं उतरवून झाली, शेजाऱ्यांना वाटूनही उरली आहेत.

आता वेस्टरलोहचं चर्च. तुझी भुवई वर गेलेली मला इथून दिसते आहे.

बिशपच्या कचेरीने काय कळवलं आहे ते तू वाचलं आहेस, तरी तू ते नीट वाचलं नसशील असं धरून पुन्हा लिहिते. रविवारी तिथे पन्नास-साठ माणसं येतात. एवढ्या माणसांसाठी ती इमारत तापवणं, दुरुस्त करणं त्यांना झेपत नाही. म्हणून दोनच रस्ते आहेत. निम्म्या भागात गावची बालवाडी आणायची आणि निम्म्यात प्रार्थना चालू ठेवायची, नाहीतर जागा विकायची. घेणारा तयार आहे, त्याला तिथे सुपरमार्केट आणि त्याच्यापुढे गाड्या लावायला जागा हवी आहे. यात गंमत वकिलांची आहे. ते म्हणतात की आत भिंत घालायची तर ज्याने इमारत रचली त्याची संमती हवी, कारण ती त्याची कृती आहे. पण सगळीच पाडायची असेल तर त्याचं फारसं काही चालत नाही. माणसाचे केस कापायला लेखी परवानगी, डोकं उडवायचं असेल तर खुशाल. आणि तू त्यांना तीन ओळी पाठवल्यास: "इमारत आहे तशीच राहील. पन्नास वर्षांत तिथे कुणाची कसलीही तक्रार नाही असं मला सांगण्यात येत होतं. तेही खोटं निघालं."

पहिल्या ओळीचा मला राग आला, दुसरीचं हसू आलं. तिसरीने मला रात्रभर छळलं, कारण ती बिशपला उद्देशून नाही हे मला कळतं.

भारतातल्या वास्तुशास्त्राच्या पोथ्या सांगतात की प्रत्येक इमारतीखाली जमिनीत एक पुरुष पालथा झोपलेला असतो, आणि चुकीच्या जागी खांब रोवला तर त्याला इजा होते. विद्यार्थ्यांना हे समजावताना मी नेहमी वेस्टरलोहचं उदाहरण देते. त्या चर्चखाली कोण झोपलं आहे याबद्दल मला शंका नाही. कुणी भिंतीत खिळा ठोकला की तो तुझ्या बरगडीत शिरतो. १९७८ साली कुणीतरी वेदीशेजारी जेरॅनियमची कुंडी ठेवली तर तू वकिलाकडून पत्र पाठवलं होतंस. एका कुंडीला. घड्याळ नको, सूचनाफलक नको, कोट अडकवायच्या खुंट्या नकोत, बाकांवर काही अंथरायचं नाही. घरी तरी वेगळं काय होतं? आपल्याकडे पडदे नव्हते, त्यामुळे आपण बटाट्याची कोशिंबीर खातो आहोत की वाटाण्याचं सूप, हे समोरच्या कुटुंबाला आपल्याआधी कळायचं.

आणि तरी हे सगळं कुठून आलं ते मला ठाऊक आहे. तू कधी धड सांगितलं नाहीस, आईने सांगितलं. महायुद्धानंतर म्युन्स्टरमध्ये एका खोलीत तुम्ही सात जण राहायचात. दोरीवर ओले कपडे, पलंगाखाली कोळसा, पलंगावर मावशी. परत न आलेल्या वडिलांचा कोटसुद्धा मधोमध टांगलेला, आणि त्याला बाजूला सारल्याशिवाय दाराशी जाता यायचं नाही. त्या पोरवयात तुला पहिल्यांदा मोकळी जागा मिळाली ती बॉम्बने छप्पर उडालेल्या एका चर्चमध्ये. आत काही नाही, विटांच्या चार भिंती आणि वर आभाळ. तू तिथे जाऊन नुसता बसायचास. पुढे गवंड्याच्या हाताखाली वीट रचायला शिकलास, मग वास्तुकला शिकलास, आणि वेस्टरलोहच्या चर्चची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा तीच जागा कागदावर उतरवलीस, फक्त छप्पर घालून. आराखड्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. परीक्षकांनी निवड केल्यावर नावाचं पाकीट उघडलं, तर कुणी मुरलेला उस्ताद निघण्याऐवजी उसना कोट घातलेला, तिशीही न गाठलेला पोरगा निघाला. त्यानंतर तू चार शाळा बांधल्यास, एक बचत बँक, पोहण्याचा तलाव, आणि ज्या वृद्धाश्रमात जायला तू स्वतः ठाम नकार देतोस तो वृद्धाश्रम. सगळी चांगली कामं. पण चर्च पुन्हा मिळालं नाही, आणि बाकीच्या इमारतींबद्दल बोलताना तुझा आवाज कधी बदलला नाही.

मार्चमध्ये मला टेरहोर्स्टचा फोन आला. चर्चचं दार उघडणं, मेणबत्त्या लावणं, घंटा वाजवणं इतकी वर्षं करणारा तो म्हातारा कधी स्वतःहून फोन करत नाही. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, या खेपेला फोनच आला नाही हो." कसला फोन, असं मी विचारलं. तो म्हणाला, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच लामर्ससाहेब आले, एकटेच, गाडीने, न कळवता. बाकांवर गाद्या होत्या. मागे खुंट्या होत्या. कोपऱ्यात मुलांचं छोटं टेबल, खडू, कागदी कोंबड्या. तू ओरडला नाहीस म्हणे. त्याला ते जास्त लागलं. एक गादी उचललीस, उलटी करून शिवण बघितलीस, आणि परत ठेवलीस, बाकाच्या कडेला समांतर. मग जाऊन बसच्या थांब्यावर बसलास, एक बस गेली तरी उठला नाहीस.

शिवण कुणाची ते तुला ओळखू आलं असणार. तुझ्या कोटांची अस्तरं आईनेच घातली होती.

म्हणून जूनमध्ये मी वेस्टरलोहला गेले. तुला सांगितलं नाही, कारण विचारायचं काय तेच मला कळत नव्हतं. टेरहोर्स्टने कॉफी केली, त्याच्या बायकोने केक कापला, आणि दोघांनी एकमेकांकडे बघत सगळं सांगितलं. यात फसलेला तू एकटा नाहीस हे आधीच सांगते. मीही ते चर्च आयुष्यभर रिकामं आणि गारच बघत आले, कारण मी नेहमी तुझ्याबरोबर जायचे.

सुरुवात आजीपासून झाली. आई त्याच गावची हे तू विसरतोस. जावयाने बांधलेल्या चर्चमध्ये आजी पहिल्या हिवाळ्यात पहिल्या बाकावर बसली आणि तिची कंबर धरली. ती आईला म्हणाली, तुझ्या नवऱ्याचं चर्च फार सुंदर आहे, पण मला आता त्यात मरायची घाई झालीय. आईने तिला एक गादी शिवून दिली. शेजारणीने बघितली, तिलाही हवी झाली. दोन वर्षांत सगळी बाकं झाली. कापड तिने म्युन्स्टरमधून आणलं. टेरहोर्स्ट सांगतो की ती पिशवीत एक वीट घेऊन दुकानांतून हिंडली होती, तुझ्या भिंतीची, बांधकामातून उरलेली. काउंटरवर वीट ठेवायची आणि म्हणायची, या रंगाचं दाखवा. तुझ्याविरुद्ध कट रचतानासुद्धा तिने तुझ्या विटेला शोभेल तोच रंग घेतला. बाबा, त्या गाद्या दारातून पाहिल्या तर दिसतच नाहीत. जवळ गेल्यावर दिसतात.

मग तुझ्या भेटींचा प्रश्न आला. तू वर्षातून तीन-चार वेळा तिथे जायचास, आणि आई आदल्या दिवशी टेरहोर्स्टला फोन करायची: उद्या सफरचंदाचा केक आणते आहे. एवढंच. तो फोन ठेवायचा आणि अर्धं गाव कामाला लागायचं. खुंट्यांची फळी स्क्रू काढून उतरायची, कुंड्या गावच्या दवाखान्यात जायच्या, आणि गाद्या पापकबुलीच्या खोलीत, कारण तेवढ्या मावतील अशी दुसरी जागा तू बांधलीच नव्हतीस. एकदा तू त्या खोलीचं दार घट्ट बसतंय का बघायला निघालास. टेरहोर्स्ट आडवा आला आणि म्हणाला, आत कुणीतरी आहे. तू टोपी हातात घेऊन बाजूला उभा राहिलास. बराच वेळ झाल्यावर हळू आवाजात विचारलंस, "इतका वेळ?" तो म्हणाला, "पापं जुनी असतील, साहेब." तू मान डोलावलीस आणि दार न बघता निघून गेलास. हे सांगताना तो म्हातारा इतका हसला की बायकोने त्याच्या हातातला कप काढून घेतला, आणि मग तो रडायला लागला.

आणखी एक त्याने सांगितलं, तेही लिहून टाकते. छताचा सांगाडा उभा राहिला त्या दिवशीचं. मुख्य सुताराने रिवाजाप्रमाणे वर तुळईवर उभं राहून कविता म्हटली, घराच्या नावाने पेला रिकामा केला आणि खाली फेकला. तू ही गोष्ट नेहमी सांगतोस, पेला कसा खणकन फुटला ते. तो फुटला नव्हता. वाळूच्या ढिगात पडला आणि अख्खा राहिला. पेला फुटला नाही तर इमारत टिकत नाही असं मानणारी सगळी माणसं खाली उभी होती. तू वर बघत होतास, सुताराकडे. आई ढिगाशी गेली, वाकली, आणि तिने तिथलीच एक वीट उचलून त्याच्यावर मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास.

मी टेरहोर्स्टला विचारलं की तिने तुला कधीच का सांगितलं नाही. तेच त्यानेही तिला विचारलं होतं, फार पूर्वी, गाद्या आत कोंबताना. हेडविग, सांगून टाक ना नवऱ्याला, असं तो म्हणाला. दोघं एका वर्गातली, त्यामुळे तो तिला तसंच बोलायचा. आणि ती म्हणाली: "त्याने आयुष्यात एकच खोली स्वतःला हवी तशी बांधलीय. त्याला ती तशीच दिसू दे. बसायचं आपल्याला आहे, ते आपण बघू."

तू याला खोटं म्हणू शकतोस. तुला तो अधिकार आहे, आणि मी वकिली करत नाही. मी फक्त तिचे शब्द लिहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी प्रार्थनेला थांबले. हल्ली तिथे फादर शिजो आहेत, केरळचे. मी त्यांच्याशी संस्कृतात दोन वाक्यं बोलून बघितली तर ते म्हणाले, बाई, मी इथे जर्मन शिकता शिकता मल्याळमसुद्धा विसरत चाललोय, माझ्यावर दया करा. ते सांगतात की त्यांच्या गावच्या चर्चमध्ये पंखे, ट्यूबलाइट, प्लास्टिकचे गुलाब, सगळं आहे आणि देवाने कधी कुरकुर केलेली नाही. पण वेस्टरलोहमध्ये सकाळचं ऊन जमिनीलगतच्या तुझ्या त्या लांब आडव्या फटीतून आत आलं आणि फरशीवर पाण्यासारखं पसरलं, तेव्हा प्रवचनाचं वाक्य अर्धवट सोडून ते थांबले. नेहमीच थांबतात म्हणे. आता लोकही त्याची वाट बघतात, कारण त्यानंतर प्रवचन लवकर संपतं.

त्या फटीबद्दल तुला एक माहीत नाही. आम्हा मोठ्यांना तिच्यातून बाहेरचं काहीच दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. तू म्हणायचास की तोच तर हेतू आहे. पण प्रवचन चालू असताना चार-पाच पोरं आईने शिवलेल्या गाद्या ओढून फटीपाशी पालथी पडली होती, हनुवटी हातांवर टेकून. मी नंतर वाकून बघितलं. त्यांना बाहेरचं गवत दिसत होतं, पलीकडच्या टेरहोर्स्टच्या बदकांचे पाय दिसत होते. पन्नास वर्षांत तुझ्या खिडकीतून बाहेर कुणी बघितलं असेल तर ते एक मीटरहून बुटक्या माणसांनीच.

चर्चच्या समितीने डॉर्टमुंडच्या एका तरुण वास्तुकाराकडून बालवाडीचा आराखडा करून घेतला आहे. मुलगा सभ्य आहे, नियम पाठ आहेत. त्याने मधली भिंत बरोबर त्या उन्हावर आडवी टाकली आहे, छत खाली आणलं आहे, आणि ती फट उबेसाठी बंद केली आहे. मी त्याला विचारलं की तो सकाळी कधी आत गेला होता का. तो म्हणाला, फोटो पाहिले. तू नाही म्हणालास तर सुपरमार्केट होईल. तू हो म्हणालास तर हे होईल. मी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून बघितले, आणि तू नकार का दिलास ते मला जरासं कळलं. जरासंच, फार खूश होऊ नकोस.

टेरहोर्स्ट विचारत होता, साहेब पुन्हा आले तर गाद्या उचलायच्या का. मी म्हटलं, राहू द्या.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तुझी सही मिळवण्यासाठी नाही. सप्टेंबरमध्ये मी तुझ्याकडे आले तेव्हा तुझ्या ड्रॉइंगच्या टेबलावर इस्त्री केलेले टॉवेल रचलेले होते. लहानपणी त्या टेबलावर मला बोट टेकवायची सोय नव्हती. आपण सूप प्यायलो. चर्च पाडलं तर मला वाईट वाटेल, मी रडेन, आणि त्या रात्री झोपही लागेल. ते टॉवेल आठवले की लागत नाही. म्हणून मी मंगळवारी समितीला सांगून टाकलं की डॉर्टमुंडच्या मुलाला थांबवा, भिंत कुठे घालायची ते लामर्स स्वतः ठरवणार आहेत. तुला न विचारता सांगितलं. हे मी कुणाकडून शिकले ते विचारू नकोस. फादर शिजो म्हणाले, नोव्हेंबर संपेपर्यंत बिशपला मी सांभाळतो. ऊन कुठून कुठे सरकतं हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो टॉवेलांच्या घड्या घालत बसला आहे. मी शुक्रवारी संध्याकाळी येते. शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने आपण वेस्टरलोहला जाऊ. जुन्या नकाशांवर विसंबायचं नाही, जागेवर जाऊन मोजायचं, हे तू हाताखालच्या प्रत्येकाला सांगायचास. मोजायला दोन माणसं लागतात, एक आकडा वाचणारा आणि एक फितीचं शून्याचं टोक भिंतीला धरून बसणारा. ते टोक इतकी वर्षं आईने धरलं. मला सराव नाही. हात हलेल, फीत वाकडी जाईल, आणि तू माझ्यावर ओरडशील. ओरड. मी टोक सोडणार नाही.

तुझीच,
राइनहिल्ड